चंद्राबाईंचे दोन नंद

इचलकरंजीच्या श्रवण मंडळाचा एकच कडक नियम होता. ध्वनिमुद्रण लावणाऱ्याने गाणाऱ्याचं नाव आधी सांगायचं नाही. सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायचं, मग एकेकाने ओळखायचं, आणि ज्याचं चुकेल त्याने पुढच्या बैठकीला भडंग आणायचं. नियम जुनाच होता, पण अलीकडे त्याला एक पोटनियम जोडावा लागला होता. दोन सूर कानावर पडले की फोन गवयाचं, तबलजीचं, एवढंच काय तंबोऱ्यावर कोण बसलंय त्याचंही नाव सांगून मोकळा व्हायचा. म्हणून फोन दाराबाहेर, चपलांच्या शेजारी ठेवायचे. आत यायचे ते फक्त कान.

आणि मंडळातले सगळ्यात तिखट कान होते विजयमालाताई मुसळ्यांचे. मंडळ सुरू झाल्यापासून त्यांनी एकदाही भडंग आणलं नव्हतं. मंडळ ज्यांच्या घरी भरायचं ते उपाध्ये सर तर म्हणायचे, “मालाताईंच्या घरात कुरमुरे मिळतच नसतील.”

मालाताई नुसत्या ऐकणाऱ्या नव्हत्या. त्या गायच्या आणि गावात पन्नासेक मुलींना शिकवायच्या. पण त्यांची खरी ओळख वेगळीच होती. चंद्राबाई मिणचेकरांची गायकी आज जिवंत आहे ती एकट्या मालाताईंच्या गळ्यात, असं अख्खा कोल्हापूर जिल्हा मानायचा. चंद्राबाई जाऊन पन्नास वर्षं झाली होती. बाईंना यंत्राचा भारी तिटकारा. त्यांनी ना कधी रेडिओवर गाणं केलं, ना कधी रेकॉर्ड काढली. मागे राहिली ती एकच टेप. इचलकरंजीतल्या एका सूतव्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात बाई नंद राग गायल्या, त्या बैठकीची. ती टेप केली होती पद्माकर मुसळ्याने, म्हणजे मालाताईंच्या नवऱ्याने.

त्या रविवारी ध्वनिमुद्रण लावायची पाळी पद्माकरचीच होती, आणि स्वारी सकाळपासून खुशीत होती. पुण्याच्या ध्वनिसंग्रहालयातल्या डॉ. शहनाज शिकलगार यांनी त्याला एक ठेवा पाठवला होता. त्याने तो मुद्दाम ऐकला नव्हता. चार दिवसांवर मालाचा वाढदिवस होता. ही भेट तिच्याबरोबरच ऐकायची आणि पहिल्या सुरालाच तिचा चेहरा कसा उजळतो ते बघायचं, एवढाच त्याचा बेत.

गाणं सुरू झालं. बाईचा आवाज होता, भारदस्त, ओलसर, खालच्या अंगाचा. राग नंद. स्वर अगदी सावकाश, एकेक दार उघडून आत डोकावावं तसा पुढे सरकत होता. पद्माकरने हळूच एक डोळा उघडून बायकोकडे पाहिलं. मालाच्या कपाळावर आठी होती.

गाणं संपलं. उपाध्ये सरांनी एक नाव घेतलं, आणखी कुणी दुसरं घेतलं. मग सगळे मालाताईंकडे वळले.

“बंदिश बाईंची आहे,” त्या म्हणाल्या. “मांडणीही बाईंचीच उचललेली. पण या बाई नव्हेत. गळा जड आहे, तानेत आळस आहे. गाते चांगली. पण हिला कुणीतरी आमच्या बाईंची टेप ऐकवायला पाहिजे होती.”

“मग नाव काय?” उपाध्ये सरांनी विचारलं.

“नाव लक्षात राहावं एवढी मोठी नव्हं ओ ती.”

मंडळी हसली. पद्माकरच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं बोलावं असं त्या क्षणी त्याला फार फार वाटलं. पण मंडळात आजवर कुणी खोटं नाव सांगितलं नव्हतं, आणि त्याला खोटं बोलता येतही नव्हतं. बोलायला गेला की कान लाल व्हायचे.

“चंद्राबाई मिणचेकर,” तो म्हणाला. “जमखंडीला गायल्या होत्या. तिथल्या एका डॉक्टरांनी पडद्यामागे मशीन लपवून टेप केलं होतं. आता त्यांच्या नातवंडांना माळ्यावर सापडलं.”

चहाचे कप घेऊन आलेली उपाध्ये सरांची सून दारातच थबकली.

मालाताईंनी पदर सारखा केला. “त्या डॉक्टरांची टेप हळू वाजतेय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “बाईंना मी ओळखणार नाही होय? अहो, त्या शिकलगार मॅडमना फोन करा. ही टेप आणि आपली टेप, दोन्ही त्यांच्या यंत्रावर चढवा म्हणावं. एक घाव दोन तुकडे होऊन जाऊ देत.”

मुसळ्यांच्या त्या टेपची गोष्ट सांगितल्याशिवाय मालाताईंचा हट्ट कळायचा नाही.

पद्माकर तेव्हा विशीचा होता. वडिलांचे आठ माग होते आणि त्याला गाण्याचं वेड होतं. बैठकीच्या आधी तो टेपरेकॉर्डर छातीशी धरून चंद्राबाईंसमोर उभा राहिला. बाईंनी विचारलं, “कुणाला ऐकवणार रे हे?” तो गडबडला आणि खरं ते बोलून गेला, “अजून ठरलं नाही.” बाई खो खो हसल्या आणि म्हणाल्या, “मग ठेव चालू.” त्यानंतर काही महिन्यांतच बाई वारल्या.

पुढे तो रेंदाळला मुलगी बघायला गेला. पोह्यांची बशी पुढे आली आणि मुलीनेच प्रश्न केला, “चंद्राबाईंची टेप तुमच्याकडंच आहे ना?” घरचे ओशाळले. पद्माकर मात्र मोहरला. कुणाला ऐकवायची ते आता ठरलं होतं. लग्नानंतर नातेवाईक वर्षानुवर्षं चिडवत राहिले की मुसळ्यांच्या सुनेने नवऱ्याशी नाही, टेपरेकॉर्डरशी लग्न केलं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही.

मालाने त्या एका टेपवर आयुष्य काढलं. बाई पेटीवरच्या काळी पाचच्या उंच पट्टीत गातात म्हणून ती काळी पाचमध्ये गायला लागली. गळा तिथे सहज जात नव्हता, तिने तो नेला. बाईंच्या ताना पाऱ्यासारख्या सळसळत जायच्या, म्हणून तिने त्या तानांमागे कित्येक वर्षं पळून पळून दम कमावला. बाईंना समक्ष ऐकलेले एक म्हातारे गृहस्थ एकदा तिचं गाणं ऐकून म्हणाले होते, “छान गातेस बाळ, पण बाईंचा आवाज इतका बारीक नव्हता.” मालाने घरी येऊन पद्माकरला सांगितलं, “आजोबांचे कान गेलेत हो.” आणि दोघांनाही त्यांची दया आली होती.

शिकलगार मॅडमच्या यंत्राचं नाव होतं स्वरवंश. जीवशास्त्रज्ञ जसे रक्ताच्या थेंबावरून कोण कुणाचा वंशज ते सांगतात, तसं हे यंत्र गाण्यावरून सांगायचं. गवई आपल्या गुरूकडून केवळ राग उचलत नाही. श्वास कुठे घ्यायचा, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरताना किती रेंगाळायचं, समेवर यायच्या आधी केवढी जागा सोडायची, हेही उचलतो, आणि हे सगळं त्याच्याही नकळत. माणसाच्या कानाला यातलं थोडंफार जाणवतं. यंत्राने मात्र देशभरातली लाखो ध्वनिमुद्रणं एकमेकांशी ताडून पाहिली होती आणि त्यांतून एक अवाढव्य झाड काढलं होतं. कुणाची मींड कुणाकडून आली, कुणाची तान कुठून फुटली, सगळं त्या झाडावर. गेल्या दोन वर्षांत त्या झाडाने बऱ्याच घराण्यांत भांडणं लावली होती आणि काही मिटवलीही होती. शिष्यवृत्त्या, संमेलनं, पुरस्कार, सगळीकडे आता पहिला प्रश्न असायचा, “स्वरवंशात तुम्ही कुठे आहात?” मालाताई त्यात चंद्राबाईंच्या बरोब्बर खाली होत्या, आणि त्याची एक चौकट पद्माकरने हौसेने दिवाणखान्यात लावली होती.

पण त्या झाडावर चंद्राबाई होत्या त्या एका टेपपुरत्या. आता दोन झाल्या होत्या, आणि त्या दोन बाई एकमेकींशी जुळत नव्हत्या.

शिकलगार मॅडमचा फोन आठवड्याने आला. पद्माकरने तो मोठ्या आवाजावर टाकला. माला समोर पाटावर भाजी निवडत बसली होती, निर्धास्त.

“काकू, मी समजावून सांगते,” मॅडम म्हणाल्या. मूळच्या मिरजेच्या असल्याने त्यांच्या बोलण्यात घरचा सूर होता. “आपल्या तारांतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. त्याची एक बारीक गुणगुण असते, म्म्म अशी. फ्रीजजवळ कान नेला की ऐकू येते ना, तशी. ती जवळच्या मायक्रोफोनमध्ये शिरते आणि गाण्याबरोबर टेपवर उतरते. आपल्याला ती ऐकू येत नाही, यंत्राला येते. टेप बरोबर वेगाने झाली असेल तर गुणगुण पन्नासची येते. जमखंडीच्या टेपमध्ये ती पन्नासची आहे.”

माला निवडायची थांबली.

“आणि आमच्यात?” पद्माकरने विचारलं.

“छप्पनची, काका. म्हणजे रेकॉर्ड होताना तुमची मोटर हळू फिरत होती. थोड्या फितीवर जास्त गाणं बसलं. पुढे तीच फीत नेहमीच्या वेगाने वाजवली की गाणं घाईने बाहेर पडतं. पट्टी चढते, ताना पळतात, आवाज कोवळा होतो. बाई काळी चारमध्ये गात होत्या. तुमच्या टेपने त्यांना काळी पाचवर नेऊन ठेवलं, अख्खा एक स्वर वर. मी दहादा तपासलं. विजेचं जाळं राज्यभर एकच, म्हणून त्याच संध्याकाळी नागपुरात झालेलं एक भाषणही ताडून बघितलं. शंकेला जागा नाही.” मग त्या जरा चाचरल्या. “टेपमध्ये मागे एक खडखड आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती थांबतच नाही. ती काय असावी, ते मला कळलं नाही.”

पद्माकरला कळलं. ते माग होते. संध्याकाळची पाळी सुरू झाली की अख्ख्या गावात एका दमात हजारो माग चालू व्हायचे, व्होल्टेज झपकन पडायचं, दिवे पिवळे व्हायचे, पंखे रेंगाळायचे. इचलकरंजीत जन्मलेल्या माणसाला ते नवीन नव्हतं. पण समोर चंद्राबाई गात असताना पंख्याकडे बघतो कोण?

“आणखी एक सांगायचंय,” फोनमधून आवाज आला. “टेपचा वेग सुधारल्यावर झाड आपोआप नव्याने जुळतं. काकू, तुमची नोंद बाईंच्या खालून सुटली. बाईंच्या श्वासाच्या जागा, रेंगाळणं, यातलं तुमच्यात यंत्राला काही सापडत नाही. तुमच्या नावापुढे आता ‘गुरू आढळला नाही’ असं येतंय. पण तुमच्यापासून एक वेगळीच फांदी निघते, ती—”

मालाने हात पुढे करून फोन बंद केला. निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र झाली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

“निगुरी,” ती म्हणाली. “अडुसष्टाव्या वर्षी निगुरी झाले मी.”

गाणाऱ्याला याहून वाईट शिवी नाही. बेसुऱ्याला दुनिया माफ करते. ज्याला गुरू नाही त्याला कुणी सतरंजीवर जागा देत नाही.

पद्माकरने समजूत घालायचा प्रयत्न केला. “अगं, नवी फांदी म्हणतात त्या. म्हणजे हे तू स्वतः घडवलंस. कुठल्या तरी झाडाला कुठंतरी मूळ फुटायलाच पाहिजे की.”

“काय घडवलं? पडलेलं व्होल्टेज घडवलं मी! बाई एक गात होत्या, मी एक ऐकत होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी बाईंची म्हणून मोटरीची नक्कल केली, अहो.” तिने भाजी बाजूला सारली. “आणि परवा खुद्द बाई माझ्यासमोर गायल्या, तर मी त्यांना आळशी म्हटलं. चारचौघांत!”

आयुष्यात पद्माकरने बायकोला एकच मोलाची वस्तू दिली होती, आणि तीच खोटी निघाली. तो उठून आत गेला आणि उगाचच पाणी प्यायला.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. फोनवर हळहळ कळवणाऱ्यांची रीघ लागली, त्यात दुःखापेक्षा उत्सुकता जास्त. वर्षअखेरीला कोल्हापुरात चंद्राबाईंच्या जन्मशताब्दीचा मोठा समारंभ होता आणि मुख्य गाणं मालाताईंचं ठरलं होतं. संयोजक फार गोड बोलले, पण “आता नक्की कसं करायचं?” हा प्रश्न त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे उभा होता. मालाने तंबोऱ्याला गवसणी घातली. शिकवण्या बंद केल्या. भिंतीवरची चौकट पद्माकरने गुपचूप उतरवली. तिथे न विटलेल्या रंगाचा चौकोन उरलाच, तो जास्तच डोळ्यांत यायचा.

पंधरवड्याने मैथिली चौगुले आली.

मैथिली ही मालाताईंची सगळ्यात गुणी शिष्या. पंचविशीची, अबोल, हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या घरातली. गळा भरदार, पण खालच्या पट्टीचा. चार वर्षं माला तिला काळी पाचमध्ये ओढत होती आणि चार वर्षं तो गळा कुरकुरत होता. अलीकडे तर आवाज बसायला लागला होता. “बाई गायच्या, मी गाते, मग तुलाच काय धाड भरलीय?” हे वाक्य मैथिलीने इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते बंदिशीसारखं पाठ होतं.

ती आत येऊन कोपऱ्यात बसली. “ताई, घशाच्या डॉक्टरांकडं गेले होते. गाठ धरतेय म्हणाले. सहा आठवडे बोलायचंसुद्धा कमीच. पुढं याच पट्टीत गायलीस तर आवाज कायमचा जाईल म्हणतात.” मग जमिनीकडे बघत ती म्हणाली, “मी गाणं सोडावं म्हणते. तुम्हांला सांगितल्याशिवाय सोडवेना, म्हणून आले.”

इतके दिवस माला स्वतःच्याच दुःखात बुडालेली होती. आता प्रथमच तिच्या ध्यानात आलं की त्या पडलेल्या व्होल्टेजचा खरा मार कुणाला बसला. तिचा स्वतःचा गळा काटक होता, तो वाकला आणि निभावला. या पोरीचा गळा वाकणारा नव्हता, आणि तो वाकत नाही म्हणून आपण तिला चार वर्षं फैलावर घेत आलो. माला उठली, मैथिलीशेजारी जाऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“अहो,” मग तिने पद्माकरला हाक मारली, “ती जमखंडीची लावा. आणि आपली टेप सुधारून पाठवलीय ना मॅडमनी, ती पण.”

त्या दुपारी तिघांनी दोन्ही नंद एकापाठोपाठ ऐकले. वेग सुधारल्यावर इचलकरंजीच्या बाई आणि जमखंडीच्या बाई एकच निघाल्या. तोच भरदार गळा, तीच सावकाशी. ज्या जागेला माला चाळीस वर्षं झपकन ओलांडत आली, तिथे बाई थांबल्या होत्या. नुसत्या थांबल्या नव्हत्या. निषादावर रेंगाळून, पुढचा स्वर हाताशी असूनही घेऊ की नको असं करत राहिल्या होत्या. माला ऐकताना रडत होती आणि पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

“काय गायच्या हो बाई,” ती म्हणाली. “आणि मी म्हटलं आळस!”

मैथिली बोलली नाही; बोलायला बंदी होती. पण बाईंच्या एका आलापाला तिचे ओठ नकळत हलले. माला ते बघत राहिली. बाईंचा गळा आणि या पोरीचा गळा एकाच मातीचे होते. बाईंचा गळा शोधायला कुठे जायचंच नव्हतं, तो चार वर्षं समोर बसून शिव्या खात होता.

“गाणं सोडायचं नाही,” माला म्हणाली. “सहा आठवडे गप्प बस आणि हे ऐक. मग काळी चारमध्ये सुरू करू. नंद मी शिकवणार नाही, बाई शिकवतील. मी नुसती राखण करते.”

ती राखण काय होती ते पद्माकरने पुढे कित्येक महिने बघितलं. शिकवणी आता उलटीच चालायची. मैथिली गायची आणि माला तिच्यात स्वतःला शोधायची. चार वर्षांच्या संगतीने मालाच्या कितीतरी लकबी पोरीत उतरल्या होत्या. एखादी तान चटकन वळली की माला हात वर करायची. “थांब. हे माझं आहे. काढ.” पुन्हा गाणं, पुन्हा हात. “हा श्वास माझा. बाई इथं घेत नाहीत. काढ.” कधी कधी ती जागा फार सुरेख लागलेली असायची. मालालाही ते कळायचं, कारण ती तिनेच कधीतरी जीव ओतून कमावलेली असायची. मग म्हणायची, “सुंदर आहे. पण माझं आहे.”

पद्माकरला ते बघवत नसे. कुणी आपल्याच हाताने आपल्या विणीचा एकेक धागा उसवावा, तसं ते होतं. एकदा न राहवून तो म्हणाला, “थोडं राहू दे की तुझं. काय बिघडतं?”

“तुमच्या टेपनं मधे तोंड घातलं, त्याचं काय झालं ते बघितलंत ना? आता मी घालू?”

आपली टेप हा शब्द तिने मुद्दाम टाळला, हे त्याला लागलं. ते तिच्याही लक्षात आलं असावं, कारण संध्याकाळी चहा देताना ती म्हणाली, “रेंदाळला तुम्ही बरोबर वेगाची टेप घेऊन आला असता, तरी मी हो म्हटलं असतं हो. टेप ऐकायच्या आधीच म्हटलं होतं.” पद्माकरचे कान लाल झाले, खोटं न बोलताच.

या सगळ्यात मालाने स्वतःचा रियाझ पुन्हा सुरू केला होता. पहाटे, काळी पाचमध्येच. आता बाईंसारखं गायचं ओझं उतरल्यामुळे की काय कोण जाणे, ते गाणं अधिक मोकळं झालं होतं. पद्माकरला विचाराल तर जगात त्याहून गोड काही नव्हतं, बाईंचंसुद्धा नाही. हे त्याने एकदा बोलून दाखवलं आणि बाईंचा अपमान केला म्हणून पुरेशी बोलणी खाल्ली.

शताब्दीच्या आधी मालाने संयोजकांना कळवलं की ती गाणार नाही, मैथिली गाईल. त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असणार, पण कोण ही मुलगी म्हणून धास्तावलेही. समारंभाच्या दिवशी नाट्यगृह भरलेलं होतं. मैथिली पुढे बसली आणि तिच्या मागे तंबोरा घेऊन मालाताई. गुरूने शिष्येच्या मागे तंबोऱ्याला बसावं हे बघून लोकांत कुजबुज झाली. मग नंद सुरू झाला, आणि कुजबुज थांबली. मैथिली निषादावर आली आणि रेंगाळली. पद्माकर पहिल्या रांगेत होता, पण त्याचं अर्धं लक्ष गाण्याकडे नव्हतंच. ते मागे बसलेल्या मालाकडे होतं. ती पूर्ण वेळ ओठ मिटून होती. मागे बसणाऱ्याने मधून मधून सूर भरायची रीत असते. तिने एकही भरला नाही.

गाणं संपल्यावर लोक उभे राहिले. मैथिली वळून मालाच्या पाया पडायला वाकली, तर मालाने तिला बाईंच्या फोटोकडे पिटाळलं.

शिकलगार मॅडम समारंभाला आल्या होत्या. त्यांनी ध्वनिमुद्रण पुण्याला नेलं आणि काही दिवसांनी पद्माकरच्या फोनवर स्वरवंशाची नवी नोंद आली. त्याने चष्मा लावून ती वाचली, मग पुन्हा वाचली, आणि तो संतापला. असा तो वर्षातून एखाद्या वेळीच संतापायचा.

“हे कसलं यंत्र! वर्षभर तू जीव ओतलास त्या पोरीत. त्याआधी चार वर्षं. आणि यांना तुझा पत्ताच नाही? मी आत्ता फोन लावतो त्या मॅडमना.”

“काय लिहिलंय?” मालाने विचारलं. ती ओट्याशी होती.

“हे बघ. मैथिली चौगुले. गुरू, चंद्राबाई मिणचेकर. मधला दुवा आढळला नाही.” त्याने फोन तिच्यापुढे धरला. “म्हणजे तू कुणीच नाहीस? वर कुणी नाही, आता खालचीही गेली? हा काय न्याय झाला?”

मालाने गॅस बंद केला. हात पुसत ती त्याच्याजवळ आली आणि खुर्चीच्या हाताला धरून खाली बसली. तिच्या चेहऱ्याकडे बघून पद्माकर बोलायचा थांबला. मागच्या वाढदिवसाच्या सुमाराला, जमखंडीची ती टेप लावताना, जो चेहरा बघायची आस त्याने धरली होती, तो आत्ता समोर होता.

“मधलं कुणी आढळलं नाही म्हणतंय ना?” तिने विचारलं. “नक्की?”

“नक्की.”

“माझं काहीच नाही राहिलं तिच्यात? एखादी तान? श्वाससुद्धा?”

“काहीच नाही, असंच दिसतंय.”

“म्हणजे बाई जशाच्या तशा गेल्या तिच्यात.” तिने डोळ्यांना पदर लावला, आणि त्याच पदराआडून ती हसत होती. “पन्नास वर्षांनी पोचल्या हो. वाटेत कुठं सांडल्या नाहीत. वाचा ना पुन्हा, काय लिहिलंय ते.”

पद्माकरने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.